मदत हवी आहे : आईबाबांचं घर चार महिने बंद राहणार, आधी कशावर खर्च करू?

नमस्कार मंडळी,

कोथरूडमध्ये आईबाबांचा फ्लॅट आहे. जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, वॉचमन फक्त रात्री. दोघं पुढच्या महिन्यात भावाकडे सिडनीला चाललेत, ते थेट दिवाळीच्या तोंडावर येतील. मी बंगळुरूला.

मागच्या गल्लीत नुकतीच भरदुपारी घरफोडी झाली. चोरांनी आधी मजल्यावरच्या बाकीच्या दारांना बाहेरून कड्या लावल्या, मग बंद घराचा कडीकोयंडा उचकटला. समोरच्या आजींना आवाज आला, पण दारच उघडेना. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी. गेलं ते फक्त सोनं आणि रोकड.

आमच्याकडे लाकडी दाराला जुनं लॅच, त्याबाहेर जाळीचा दरवाजा आणि त्याला कुलूप. मागच्या बाल्कनीला ग्रिल नाही आणि शेजारूनच ड्रेनेजचा पाइप वर जातो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळा जोर कॅमेऱ्यांवर. मला ते फारसं पटत नाही, दिसून दिसणार काय, तर तोंडाला रुमाल बांधलेलं कोणीतरी. बाबा म्हणतात हॉलमधला दिवा चालू ठेवून जाऊ. भर दुपारी जळणारा दिवा उलट चुगलीच करेल ना?

बजेट वीसेक हजार. काय आधी करू?

निवृत्त_हवालदार :
ताई, दिव्याबद्दल तुमचं बरोबर आहे. टायमरचा प्लग लावा, संध्याकाळी लागेल, रात्री विझेल.

दिवसाची घरफोडी आणि रात्रीची, दोन्हींची तऱ्हा वेगळी असते. दिवसा येणारा नीटनेटक्या कपड्यांत येतो, बेल वाजवतो. कोणी दार उघडलं तर “कुलकर्णी इथेच राहतात का?” विचारून निघून जातो. नाही उघडलं तर त्याचं काम सुरू. रात्रीचे बहुतेक आधी रेकी करून ठेवतात. कायदाही फरक करतो. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा, रात्री फोडलं तर चौदा.

आता दार. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. कुलूप कितीही महाग घ्या, कटावणी लावली की निघतो तो कोयंडा, कारण तो अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर असतो. म्हणून दोन्ही दारांना आतल्या आत बसणारं लॉक लावा, ज्याच्यावरून बाहेरच्याला माणूस घरात आहे की नाही ते कळणार नाही. लाकडी दाराची चौकटही सुताराला दाखवा. जुन्या चौकटी भिंतीजवळ पोकळ झालेल्या असतात. आणि दाराची बाहेरची कडी काढूनच टाका, म्हणजे तुम्हाला कोणी कोंडू शकणार नाही.

कॅमेरा वाईट नाही, तपासाला उपयोगी पडतो. पण तो दार धरून ठेवत नाही. लावलाच तर जिन्यात चेहऱ्याच्या उंचीवर लावा. छताला लावला की डोकी दिसतात. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, वॉचमनच्या टेबलावर नको, चोर तोच उचलून नेतो.

गॅलरीतली_तुळस :
बाल्कनीला ग्रिल कराच, पण त्यात आतून उघडणारी खिडकी ठेवायला सांगा. आग लागली तर पिंजऱ्यात अडकायला नको. किल्ली हाताशी, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी.

सोनं बँकेच्या लॉकरमध्ये. आणि हे लक्षात असू द्या : लॉकर चोरीला गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे, रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२२ पासून आहे. त्यामुळे दागिन्यांचे फोटो आणि पावत्या जपून ठेवा. घराचा विमा असेल तर घर सलग किती दिवस बंद चालतं ती अट आधी वाचा. चार महिने म्हणजे कंपनीला लेखी कळवावं लागण्याची शक्यता बरीच आहे.

दूध, पेपर बंद. दाराच्या जाळीत खोचलेली जाहिरातपत्रकं कोणीतरी रोज काढायला हवीत. आमच्याकडे कामवाल्या मावशी ते करायच्या.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. समोरच्या काकू पत्रकं काढतील, मावशी आठवड्यातून एकदा येऊन खिडक्या उघडतील. लॉक आणि चौकट आधी, मग ग्रिल, असं ठरवलं. आता एक सांगा : पाइपावर काटेरी तारेचं कडं बसवतात ते टिकतं का? ते सोसायटीने करायचं की आम्ही?

निवृत्त_हवालदार :
टिकतं, गंज न लागणारं घ्या. पाइप सोसायटीचा, तेव्हा सेक्रेटरींना पत्र द्या आणि पोच घ्या. तिन्ही मजल्यांवर बसवायला सांगा.