पेपर वाचून कळतात, सेमिनारला तोंड उघडत नाही

सूक्ष्मजीव: एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. इंग्रजी संशोधन-पेपर वाचून कळतात, सबटायटल लावले की व्याख्यानही कळतं. इंग्रजी शिकायच्या ॲपवरचे धडे रोज नेमाने करते. पण सेमिनारला उभी राहिले की दुसऱ्याच वाक्याला गाडी अडते. क्लासला वेळ नाही. एकटीने फोनवर काही करता येईल का?

जुना_संशोधक: ॲपमध्ये चार पर्यायांतून बरोबर शब्द निवडायचा असतो. सेमिनारला पर्याय कोण देणार? शब्द ओळखणं वेगळं, ऐनवेळी तोंडात येणं वेगळं, आणि तुझा सराव पहिल्याचाच चाललाय.

माझ्याकडच्या मुलांना मी शॅडोइंग करायला लावतो. यूट्यूबवर आपल्याच विषयाचं व्याख्यान घे, वेग ०.७५ कर आणि जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवड. वक्ता बोलत असतानाच त्याच्या मागोमाग मोठ्याने बोलायचं, मनातल्या मनात नाही. जमलं की व्हिडिओ बंद कर, तेच स्वतःच्या शब्दांत रेकॉर्ड कर आणि ऐक. स्वतःचा आवाज ऐकायला नको वाटतं (मला अजूनही वाटतं!), पण कुठे अडतं ते तिथेच सापडतं. माझा अनुभव असा, की मुलं शास्त्रीय शब्दांवर फारशी अडत नाहीत. ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘आता पुढच्या आलेखाकडे येऊ’ असल्या सांध्यांवर अडतात. ते आधी पक्के कर.

उच्चाराची शंका आली तर यूग्लिश या वेबसाइटवर शब्द टाक, खरी माणसं तो बोलताना ऐकू येतात.

घोकंपट्टीविरोधी: हेच सांधे अंकी (Anki) या फ्लॅशकार्डांच्या ॲपमध्ये घाल. कार्डावर सुटा शब्द नको, आपल्या सेमिनारमधलं अख्खं वाक्य हवं. विसरण्याचा आलेख जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडला होता. विसरायच्या बेताला कार्ड पुन्हा समोर आणायचं, एवढंच अंकी करतं. अँड्रॉइडवर फुकट आहे.

सूक्ष्मजीव: आभार! एआय चॅटबॉटशी बोलून सराव केला तर?

जुना_संशोधक: कर, पण त्याच्याकडून भाषण लिहून घेऊन पाठ करू नकोस. पहिल्याच प्रश्नाला उघडी पडशील. उलट त्याला परीक्षक बनव. तुझा सारांश त्याला दे, एकेक शंका विचारायला सांग आणि बोलून उत्तर दे. मध्येच चुका काढू नकोस, शेवटी सांग, असंही बजाव. संदर्भ मात्र त्याच्या भरवशावर घेऊ नकोस, नसलेले पेपरही तो बेधडक सांगतो.