पायी नर्मदा परिक्रमा : बाबांचे फोटो सांभाळायचे कसे?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझे बाबा यंदा कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलतायत. दक्षिण तटाने सुरुवात, चार-पाच महिने तरी लागतील असं धरून चाललोय. बाबांना फोटोंचा भयंकर नाद आहे, रोजचे शंभरेक तर होणारच, वर आरतीचे व्हिडिओ. लॅपटॉपचा प्रश्नच नाही, पाठीवर जेवढं कमी तेवढं बरं. फोन अँड्रॉइड, १२८ जीबीचा, निम्मा आधीच भरलेला (लग्नांचे व्हिडिओ, सुप्रभात, फुलं, देव). गुगलचे फुकटातले १५ जीबीही संपत आलेत. दादा म्हणतो रोज व्हॉट्सॅपवर टाका की, झालं. मला ते पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही कळत नाहीये. फोन हरवला किंवा मैयात पडला तर सगळंच गेलं ना? कोणी केलं असेल तर सांगा काय नेलं होतं. बाबांना टेक्निकल फार जमत नाही हे धरून सांगा प्लीज.

आडवाट
नर्मदे हर! माझी पायी झालीय म्हणून लिहितो. ताई, आधी साधा हिशेब बघा. फोनवरचा एक फोटो साधारण ४ एमबी धरला तर शंभर फोटो म्हणजे दिवसाला ४०० एमबी, चार महिन्यांचे ४८ जीबीच्या आसपास, म्हणजे नुसते फोटो फोनमध्ये आरामात मावतात, फक्त निघायच्या आधी तो घरच्या कॉम्प्युटरवर पूर्ण रिकामा करून घ्या. खरा राक्षस व्हिडिओ आहे. १०८० पीचा एक मिनिटाचा व्हिडिओ शंभर-सव्वाशे एमबी खातो, आणि सेटिंगमध्ये चुकून ४के राहिलं असेल तर त्याच्या तिप्पट. आरती पूर्ण शूट करायची नाही, मिनिटभर पुरे, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं, रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा पॅक असतो तो चालताना कोण वापरतंय? रात्री बारा वाजता तो तसाही वाया जातो. संध्याकाळी आश्रमात पोचलं, फोन चार्जिंगला लावला, की गुगल फोटोजचं बॅकअप चालू. फक्त मोबाइल डेटावर बॅकअप करायची परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते, नाहीतर ते वायफायची वाट बघत बसतं, आणि तिकडे वायफाय कुठलं आलंय. चार्जिंगचं मात्र अवघड असतं, एका बोर्डावर दहा जण टपलेले. तीन-चार सॉकेटचा छोटा एक्स्टेंशन नेला तर बाबा एका दिवसात अख्ख्या आश्रमाचे लाडके होतील.

आणि नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे बडवानी सोडल्यावर धडगावकडच्या डोंगरातून पुढे गुजरातेत उतरेपर्यंत, कित्येक ठिकाणी रेंजच नसते. तेवढे दिवस फोटो बाबांच्या अंगावरच, तिथे दुसरी काहीतरी सोय लागते.

ओटीजी_अण्णा
ती दुसरी सोय म्हणजे ओटीजी पेन ड्राइव्ह. एका बाजूला टाइप-सी, दुसऱ्या बाजूला नेहमीचं यूएसबी, १२८ जीबीचा घ्या, दोन घ्या, वजन शून्य. फोनला लावायचा, फाइल्स ॲपमध्ये कॅमेरा फोल्डर निवडायचं आणि कॉपी करायचं. 'मूव्ह' नाही, 'कॉपी'!! मूव्ह केलं की फोनमधून जातं आणि परत एकच प्रत उरते, मग उपयोग काय. काढताना इजेक्ट करून काढायचा. एक ड्राइव्ह पाठीवरच्या सॅकमध्ये आणि दुसरा कमरेच्या पाउचमध्ये, फोनच्या कव्हरमध्ये तर अजिबात ठेवायचा नाही, कारण फोन जातो तेव्हा कव्हरही जातं.

ऑनलाइन सेलमध्ये 'दोन टीबी पाचशे रुपयात' असले ड्राइव्ह दिसतात ते निव्वळ फसवे असतात, आकडा मोठा दाखवतात पण आत जागा थोडीच असते आणि भरलं की पुढचं सगळं जुन्याच्या डोक्यावर लिहिलं जातं. चांगल्या दुकानातून घ्या आणि घरी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून एकदा पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

दादांना सांगा, व्हॉट्सॅप म्हणजे बॅकअप नाही. फोटो दाबून लहान करतं आणि तारीख, ठिकाण सगळं काढून टाकतं. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते. ठिकाण महत्त्वाचंय हो, पन्नास घाट बघितल्यावर हा मंडलेश्वर की महेश्वर ते सहा महिन्यांनी स्वतः बाबांना सांगता येणार नाही. कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा.

जुना_परिक्रमावासी
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. आमच्या वेळी मोबाइल नव्हते आणि काही अडलंही नाही. हल्ली बघतो, घाटावर आल्या आल्या माणूस आधी फोन बाहेर काढतो, पाण्याला हात नंतर. साधूंचे, स्नान करणाऱ्या बायकांचे न विचारता फोटो काढतात, हे मात्र खरंच थांबायला हवं. बाबांना म्हणावं दिवसाला दहाच काढा, बॅकअपचा प्रश्नच मिटेल.

आडवाट
काका, न विचारता फोटो काढू नये याला शंभर टक्के अनुमोदन. पण दहाच काढा म्हणणं सोपंय हो. गावोगावी ज्या माउल्यांनी जेवू घातलं त्यांचे चेहरे ठेवावेसे वाटतातच ना.

सिमकार्ड
एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. फोन हरवला तर फोटो गुगलवर असूनही बाबांना लॉगिनच करता येणार नाही, कारण ओटीपी त्याच हरवलेल्या सिमवर येणार! म्हणून निघायच्या आधी गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत जाऊन ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड काढा. आठ आकडी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर लिहून एक प्रत घरी, एक त्यांच्या आधारच्या झेरॉक्ससोबत. रिकव्हरी नंबर तुमचा टाका.

आणि परिक्रमेसाठी वेगळं जीमेल उघडा, नवे १५ जीबी मिळतील. जुन्यातच भरत राहिलात तर कोटा संपल्यावर मेल यायचे बंद होतात, पेन्शनचे, बँकेचे सगळेच. बॅकअपची क्वालिटी 'स्टोरेज सेव्हर' ठेवा, १६ मेगापिक्सेलपर्यंत ठेवतं, अल्बम छापायला पुष्कळ झालं. नव्या अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर पुण्यात बसून दर आठवड्याला उतरवून घेता येईल. मात्र जागा करायची म्हणून इकडून काही डिलीट करू नका, ते त्यांच्या फोनवरूनही उडू शकतं. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, नंतर खलास.

रानजाई
बाप रे, एवढं सगळं! खूप आभार सगळ्यांचे. नवीन जीमेल आजच उघडते. काका, तुमचं म्हणणं बाबांना वाचून दाखवलं, हसले आणि म्हणाले वीस तरी करू द्या. अजून एक विचारते, भरलेला ड्राइव्ह मधेच घरी कसा आणायचा? कुरिअर करू का कोणी जाऊन भेटू? आणि विमलेश्वरहून ती नाव असते ना समुद्रातली, दक्षिण तटावरून उत्तर तटाला नेणारी, तिथे काय काळजी घ्यायची?

ओटीजी_अण्णा
नावेसाठी झिपलॉक पिशवी, एकात एक दोन. भरतीच्या वेळेवर सुटते, तासन् तास लागतात, गर्दी असते आणि खारं पाणी उडतं. ड्राइव्ह एकीत, फोन दुसरीत, आणि फोन बंद करून ठेवायला सांगा. पलीकडे मिठी तलाईला उतरल्यावर काढा फोटो हवे तेवढे.

घरी आणायचं तर तुम्हीच जा हो. मिठी तलाईनंतर उत्तर तटाला लागलं की भरूच येतं, मुंबई-अहमदाबाद मेन लाइनवर आहे, गाड्या भरपूर. तिथून पुढे गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीचं दर्शनही करून घ्या. भरलेला ड्राइव्ह घ्यायचा, रिकामा द्यायचा. दुसऱ्या वेळी जबलपूरला. जमलंच नाही तर स्पीड पोस्ट, पण तो घरी पोचून उघडून बघेपर्यंत बाबांनी फोनमधलं काही पुसायचं नाही.

आडवाट
आणि हे सगळं ओंकारेश्वरच्या घाटावर शिकवायला जाऊ नका. बाबा पर्वतीला जात असतील ना रोज? तिथल्या फोटोंवर आत्तापासून सराव सुरू करा, लावा-कॉपी-इजेक्ट, तुम्ही शेजारी नसताना जमलं पाहिजे.