मळभ म्हणजे नुसते ढग का?

माघ संपत आला. आमच्या रत्नागिरीत सकाळी धुकं, दुपारी अंगाची काहिली, संध्याकाळी मळभ. काल मुंबईच्या भाचीला फोनवर म्हटलं, “मळभ आलंय गो, आंब्याच्या मोहोराचं काय खरं नाही.” ती म्हणाली, “म्हणजे पाऊस पडणार?” मळभ म्हणजे ढग नव्हे, एवढं मला कळतं. फरक सांगायला गेलो तर जीभ अडली. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
ढग मोजता येतात. ‘दोन मळभं’ कधी ऐकलीत? ढग गडगडतात, फुटतात, बरसतात. मळभ येतं, दाटतं, सरतं, बस. पडत नाही आणि उघडतही नाही, तेच मळभ. म्हणून तर ते मनावरही येतं. मनावर ढग आले असं आपण म्हणत नाही. आषाढात आभाळ काळंकुट्ट भरून येतं त्याला आमच्याकडे मळभ म्हणत नाहीत, कारण तेव्हा काय होणार ते ठाऊक असतं.

बागायतदाराला मात्र हा शब्द ऐकला की धडकी भरते. दमट, ढगाळ हवेत तुडतुडे, म्हणजे बारीक किडे, वाढतात आणि मोहोराचा रस शोषतात. त्यांचा चिकटा पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. करपा रोगही अशाच हवेत बळावतो. तेव्हा भाचीला सांगा, पाऊस नाही, फवारणी येणार!

जाता जाता: ‘आभाळ’चं मूळ ‘अभ्र’, म्हणजे ढग. ‘आभाळ आलंय’मध्ये ते अजून ढगच आहे, ‘आभाळ फाटलं’मध्ये आकाश. मळभाचीही तीच गत. गोव्याच्या कोंकणीत ‘मळब’ म्हणजे चक्क आकाश, मग ते निळंशार का असेना.

प्रतिसाद २
पण वसंतपंचमी होऊन गेली ना? मग वसंत कुठे अडला?

प्रतिसाद ३
पंचमी माघ शुद्धातली, आणि माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. वसंताचे महिने चैत्र-वैशाख. म्हणजे नाव आधी लागतं, ऋतू मागून येतो. आणि खरं सांगू? आमच्या वाडीत ‘वसंत आला’ म्हटलंत तर ‘कुठला, वरच्या आळीतला?’ असं विचारतील. आम्ही म्हणतो मोहोर फुटला, कणी (बारीक फळं) धरली, शिमगा जवळ आला. वसंत पुस्तकात.

मूळ प्रश्नकर्ता
मळभाचं पटलं. आता याच हवेतला आणखी एक शब्द: पुनर्मोहोर. फळ धरल्यावर थंडी परतली की त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची वाटाण्याएवढी फळं गळतात. भाचीला हा शब्द फार आवडला, कवितेत घालते म्हणाली. मी काही बोललो नाही. आमच्या दोन कलमांवर तो कालच दिसलाय.