मदत हवी आहे: गणपतीच्या गोतावळ्यात लक्ष निसटतं, 'परत सांगा' कसं म्हणायचं?

चतुर्थीला चाकरमानी आले की पडवीत दहाजण एकदम बोलतात. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याची अवस्था) असलेल्याला ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं मुळातच जड. वाक्याचा मधला तुकडा निसटतो, विसरेन या भीतीने तो मध्येच बोलतो, आणि काकामामांना शिष्ट वाटतो. (समोर बोललं तरी ऐकत नाहीसं वाटणं, हे डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत दिलेलं एडीएचडीचं लक्षणच आहे.)

टीव्ही आणि दाराकडे पाठ करून बसणं, एका वेळी एकाशीच बोलणं, अधूनमधून खळ्यात चक्कर मारणं, हे आम्ही सुचवतोच. घरच्यांनी आधी नाव घ्यावं, नजर मिळाली की मगच बोलावं.

अडतं ते खात्री करताना. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हटलं, तर वडीलधाऱ्यांना ते उलट बोलणं वाटतं. मालवणीत मान राखून विचारता येईल, शाळकरी पोरांच्याही तोंडी बसेल, असं वाक्य कोणी सुचवाल का?