मॅचला पण आणि रोज कमरेला पण, कुठलं रिव्हॉल्व्हर घेऊ? (टेक्सास)

ऑस्टिनचा_पुणेकर:
मंडळी, ग्रीन कार्ड आहे, वय चाळिशीचं. आयडीपीएच्या (स्वसंरक्षणाच्या धर्तीवरच्या नेमबाजी स्पर्धा) मॅचना जातोय, सध्या मित्राचं रिव्हॉल्व्हर वापरतो, आता स्वतःचं घ्यायचंय. एकच घेणार, तेच मॅचला तेच कमरेला, आणि वर्षानुवर्षं कटकट नको. .३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस चालणारंच हवंय. रुगर जीपी१०० की स्मिथ अँड वेसन ६८६? एक जण म्हणतोय स्मिथचं जुनं मॉडेल १९ बघ, हलकं पडतं.

काडतूस_काका:
मॉडेल १९ दिसायला झकास, पण सतत मॅग्नम झाडणार असाल तर त्याच्या नादी लागू नका. त्या के-फ्रेममध्ये (स्मिथचा मध्यम आकाराचा सांगाडा) नळीचं मागचं तोंड, फोर्सिंग कोन म्हणतात ते, खालून सपाट तासलेलं असतं, तिथेच धातू पातळ आणि हलक्या १२५ ग्रेन वजनाच्या गोळीच्या गरम मॅग्नमने तडा जातो तो नेमका तिथेच. म्हणून तर पुढे जाडजूड एल-फ्रेम आली, ६८६ त्यातलंच. जीपी१०० ला तर साइडप्लेट, म्हणजे बाजूचं उघडणारं झाकणच नाही, अख्खी फ्रेम एकसंध. मी ४.२ इंची जीपी घेईन, आयडीपीएच्या ४.२५ इंची नळीच्या मर्यादेत बसतं. सराव .३८ स्पेशलवर करा, हे सौम्य काडतूस .३५७ मध्येही चालतं, खिसाही वाचतो.

मिरजेचा_मामा:
बसतं हो काका, पण ४० औंस! किलोच्या वर वजन जुलैत टी-शर्टखाली दिवसभर वागवून दाखवा, चार दिवसांत ते घरी कपाटात जाऊन बसेल. उलट स्मिथच्या ६४२ सारखं १५ औंसाचं पिल्लू कमरेला कळत पण नाही, पण पाचच गोळ्या आणि मॅचला हात सोलून काढतं. माझं मत दोन घ्या. एकाचाच हट्ट असेल तर ३ इंची ६८६ प्लस, सात गोळ्यांचं, आयडीपीएत सहाच भरायच्या एवढंच.

काडतूस_काका:
३ इंची चालेल, मान्य. जुनं घेत असाल तर आधी रिकामं आहे का नीट बघा, मग सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी हळू मागे ओढा, घोडा अडकायच्या आत सिलिंडर लॉक झालाच पाहिजे, प्रत्येक चेंबरला बघायचं. आणि पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे, नाहीतर न जळलेली पावडर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या) चांदणीखाली जाते आणि मग सिलिंडर जाम, लोक म्हणतात रिव्हॉल्व्हर खराब. टूथब्रश मारा, बास. चाप हलका करायला स्प्रिंग बदलाल तर फेडरल कंपनीचेच प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) वापरा, ते मऊ असतात, बाकीचे फुसके जातात, निदान कमरेला लावायच्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग तरी छेडू नका.

डॅलस_डोंबिवली:
मी एच-१बी वर आहे, मला घेता येईल का?

मिरजेचा_मामा:
नाही बाबा, फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदी आहे, बाळगायलाही. अपवाद मोजके, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक. मित्राचं रेंजवर हातात घ्यायच्या आधीसुद्धा वकिलाला विचार, एका शनिवारच्या हौसेपायी ग्रीन कार्ड अडकायचं.

ऑस्टिनचा_पुणेकर:
काका, मामा, आभार. ३ इंची ६८६ प्लस बघतो. डाव्या हाताने स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) भरता येईल असं ग्रिप कुठलं?