पारा शून्याखाली न जाता बर्फ

वर एकांनी विचारलंय, पारा शून्याखाली गेलाच नाही, मग वावरातल्या गवतावरचा पांढरा थर बर्फ कसा? बर्फच तो. तापमापी जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, पेटीत असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताची पाती त्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज जास्त थंड होतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले; तशा रात्री खोलगट वावरात एवढं पुरतं, कारण थंड हवा तिथेच साचते.

पोरांना दाखवायचंच असेल तर उघड्यावर कोरड्या कुटाराचा (भुशाचा) वीतभर थर पसरा आणि त्यावर उथळ मातीच्या भांड्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर पाणी ठेवा. कुटार जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. ते ओलं असलं की सगळं फसतं. झाडाखाली किंवा भिंतीलगतही ठेवू नका. ढग आले तर त्या रात्रीचा नाद सोडा. जमलं तर उजाडायच्या आत जा, तो काचेसारखा पापुद्रा पोरांना स्वतःच्या बोटांनी उचलू द्या. आपल्या भागात यापेक्षा मोठी मौज नाही! हरभरा फुलावर असेल तर मात्र तो गारठू नये म्हणून आदल्या संध्याकाळी हलकं ओलीत करा, ओली माती रात्रभर ऊब सोडत राहते.