सेसना १७२ नंतरचे विमान: व्यवसायाच्या फेऱ्या आणि कुटुंबाचा प्रवास एकाच विमानात बसवता येईल का?

प्रश्न: कोलंबसकर

सर्वांना नमस्कार. मी गेली अठरा वर्षे ओहायोतील कोलंबसजवळ राहतो. कारखान्यांतील मोजमापाची उपकरणे तपासून प्रमाणित करून देण्याचा माझा लहानसा व्यवसाय आहे. ग्राहक इंडियानातील इव्हान्सव्हिल, केंटकीतील पडुका आणि टेनेसीतील नॅशव्हिल या भागांत विखुरलेले असल्यामुळे महिन्यातून दोन-तीन वेळा २५० ते ३०० नॉटिकल मैलांची (एक म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) फेरी होते. खासगी वैमानिकाचा परवाना सात वर्षांपूर्वी घेतला, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता) दोन वर्षांपूर्वी मिळाले आणि आजवर ६२० तासांचे उड्डाण झाले आहे. माझ्याकडे १९७६ ची १५० अश्वशक्तीची सेसना १७२ आहे. तिने मला कधीही अडचणीत टाकलेले नाही, हे कृतज्ञतेने सांगतो.

अडचण दोन ठिकाणी येते. बहीण न्यू जर्सीतील एडिसनला असते आणि दरवर्षी गणपतीला आम्ही सारे तिच्याकडे जातो. हे अंतर सुमारे ३९५ नॉटिकल मैल आहे. जाताना वारा पाठीशी असेल तर तीन तासांत पोचतो. पण परतताना पश्चिमेचा २५ नॉटचा (ताशी नॉटिकल मैल) वारा समोरून आला की आमचा १०५ नॉटचा वेग ८० वर येतो, प्रवास पाच तासांचा होतो आणि इंधनासाठी पेनसिल्व्हेनियात उतरावेच लागते. दुसरे असे की माझी आई साताऱ्याहून दर उन्हाळ्यात येते आणि गणपती करून परत जाते. तेव्हा आम्ही पाच जण होतो आणि विमानात जागा चारच आहेत. गेल्या वर्षी मी मुलांना घेऊन विमानाने गेलो, तर पत्नी आईला घेऊन नऊ तास गाडी चालवत आली. हे मला फार लागले.

जुने विमान विकून आणि कर्ज काढून साधारण अडीच लाख डॉलर उभे करता येतील. मन २००५ च्या आसपासच्या सिरस एसआर२२ कडे ओढ घेत आहे, कारण तिचा वेग १७० नॉटच्या पुढे आहे आणि संपूर्ण विमानाला असलेल्या पॅराशूटमुळे पत्नीला धीर वाटतो. दुसरा पर्याय सहा आसनांच्या बीचक्राफ्ट बोनान्झा ए३६ चा आहे. वजने अशी आहेत: मी १७५ पौंड, पत्नी १४०, तेरा वर्षांचा मुलगा १०५, नऊ वर्षांची मुलगी ६५ आणि आई १३०. सामान सुमारे १०० पौंड असते. व्यवसायाच्या फेरीला मी, एक सहकारी आणि प्रत्येकी ६० पौंडांच्या उपकरणांच्या दोन पेट्या असतात. ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: अटलांटानिवासी

आपण वजने लिहून दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येईल. मी नऊ वर्षे ए३६ चालवतो आणि त्यापूर्वी सहा वर्षे पायपर चेरोकी सिक्स या सहा आसनी विमानात माझी भागीदारी होती. सर्वांत आधी वेग बाजूला ठेवून वजनाचे गणित मांडावे, असा माझा आग्रह आहे.

त्या काळातल्या एसआर२२ चे कमाल उड्डाण वजन ३,४०० पौंड आहे. वातानुकूलन वगैरे जोडण्यांनुसार रिकामे वजन बदलते, पण २,३०० धरले तर ११०० पौंड हाती राहतात. ८१ गॅलनची टाकी पूर्ण भरली, तर सहा पौंडांना एक गॅलन या हिशेबाने ४८६ पौंड इंधनाचे जातात आणि माणसे व सामान यांच्यासाठी ६१४ उरतात. आपण चौघे आणि सामान मिळून आज ५८५ होतात, म्हणजे आई नसताना जमते. आई आली की वजनाच्या आधी जागेचाच प्रश्न उभा राहतो, कारण त्या वर्षांच्या विमानात चारच आसने आहेत. मागे तिघांना बसवता येईल अशी रचना सिरसने पुढच्या पिढ्यांत आणली. म्हणजे कर्ज काढूनही ज्या दुःखासाठी आपण हा प्रश्न विचारला, ते तसेच राहील.

माझ्या ए३६ चे कमाल वजन ३,६५० आणि रिकामे वजन २,४०० आहे. पूर्ण ७४ गॅलन भरल्यावर ८०६ पौंड उरतात. आपण पाच जण आणि सामान आज ७१५ भरता, म्हणजे ९१ पौंड शिल्लक. परंतु मुले वाढत आहेत. तीन वर्षांनी मुलगा १५५ आणि मुलगी १०५ झाली, तर हाच आकडा ८०५ होतो आणि हाती एक पौंड राहतो. शिवाय ए३६ चे इंधन पंखांच्या पुढच्या भागात असते. ते जळत जाते तसा विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो, त्यामुळे निघताना मर्यादेत असलेले विमान उतरताना मर्यादेबाहेर गेलेले असू शकते. मागच्या आसनांवर माणसे असतील तेव्हा निघण्याचे आणि उतरण्याचे, असे दोन्ही हिशेब मी कागदावर करतो आणि जड बॅग मागे टाकत नाही.

आता चेरोकी सिक्सचा, म्हणजे ३०० अश्वशक्तीच्या प्रकाराचा, विचार करावा असे सुचवतो. तिची चाके पंखाखाली स्थिर असतात, रूप साधे आहे आणि वेग १४० नॉटच्या आसपास राहतो. पण कमाल ३,४०० पौंडांपैकी जवळपास दीड हजार पौंड वाहून नेण्यास मोकळे असतात. इंजिन आणि केबिन यांच्या मध्ये १०० पौंडांचा सामानाचा कप्पा आहे आणि मागे तेवढाच दुसरा. पुढच्या कप्प्यामुळे वजनाचा तोल सांभाळणे फार सोपे जाते. आपल्या उपकरणांची एक पेटी तिथेच जाईल. मात्र त्या कप्प्याचे दार लहान असल्यामुळे पेटीचे माप आधी घ्यावे.

वेगाने नेमके काय मिळते, तेही पाहू. २५० मैलांच्या फेरीला १६५ नॉटच्या बोनान्झाला दीड तास लागतो आणि १४० नॉटच्या सिक्सला पावणेदोन तासांहून किंचित जास्त. फरक सोळा मिनिटांचा आहे. एडिसनहून त्याच समोरच्या वाऱ्यात परतताना बोनान्झा दोन तास पन्नास मिनिटे घेईल आणि सिक्स तीन तास पंचवीस मिनिटे. दोन्ही विमाने मध्ये न थांबता घरी पोचतात. आज आपले दोन तास वाऱ्यात आणि पेट्रोल भरण्यात जात आहेत. ते यांपैकी कोणत्याही विमानाने परत मिळतील. वरची पस्तीस मिनिटे वाचवण्यासाठी बोनान्झाच्या, उड्डाणात आत मागे घेता येणाऱ्या चाकांच्या देखभालीची आणि विम्याची किंमत मोजायची का, हे आपण ठरवावे. मी ती किंमत मोजली, कारण माझ्या फेऱ्या ६०० मैलांच्या आहेत.

प्रतिसाद २: विचिटाचा मेकॅनिक

वरील गणिताशी मी सहमत आहे. मी परवानाधारक विमान-मेकॅनिक आहे आणि वार्षिक तपासणीवर सही करतो, म्हणून फक्त खरेदीपूर्व तपासणीविषयी लिहितो.

जाहिरातीत ‘इंजिनाचे फक्त ४०० तास’ असे लिहिलेले असते आणि लोक त्यावर भाळतात. ते ४०० तास किती वर्षांत भरले, हे आधी विचारा. सिक्समधील लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की त्याच्यावरचे तेल खाली ओघळते आणि दमट हवेत गंज धरतो. बारा वर्षांत ४०० तास उडालेल्या इंजिनापेक्षा पाच वर्षांत ९०० तास उडालेले इंजिन मी अनेकदा अधिक विश्वासाने घेईन. सिलिंडर बोरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आतून पाहणे, तेलाचा फिल्टर कापून धातूचे कण शोधणे आणि मागील काही वेळच्या तेलाच्या प्रयोगशाळा-अहवालांची तुलना करणे, एवढे तरी झालेच पाहिजे. बोनान्झा घेणार असाल तर पंखांतील रबरी इंधन-पिशव्या कधी बदलल्या आहेत ते पाहा, आणि सिरस घेणार असाल तर पॅराशूट दर दहा वर्षांनी बदलण्याचा पाच आकडी खर्च कोणत्या वर्षी येणार आहे, ते किमतीत धरा.

चेरोकी सिक्ससाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे प्रशिक्षणाच्या एका पायपर ॲरोचा, म्हणजे त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाचा, पंख हवेत तुटला. त्यानंतर संघीय विमान वाहतूक प्रशासनाने पायपरच्या अनेक मॉडेलांच्या पंखांतील मुख्य तुळईच्या बोल्टछिद्रांची तपासणी, ठराविक तासांच्या हिशेबाने, सक्तीची केली आणि त्यांत सिक्सही आहे. या विमानाला तो आदेश लागू होतो का आणि लागू असल्यास तपासणी झाली आहे का, याची नोंद लॉगबुकात सहीनिशी असली पाहिजे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन इथे उपयोगाचे नाही.

तपासणी करणारा मेकॅनिक त्या विमानाची नेहमीची देखभाल करणारा नसावा. ओक्लाहोमा सिटीतील नोंदणी कार्यालयातून मालकीचा शोध घ्यावा आणि मोठ्या दुरुस्त्यांच्या नोंदी मागवाव्यात. माझ्या एका ग्राहकाने हे टाळले आणि पंखाची जुनी दुरुस्ती पैसे दिल्यावर उघडकीस आली. विमान सात महिने माझ्या हँगरमध्ये पडून होते आणि तो माणूस दर आठवड्याला येऊन त्याच्याकडे बघत उभा राहायचा. ते पाहणे मला अवघड जात असे.

आणखी एक: अडीच लाखांपैकी किमान चाळीस हजार पहिल्या वर्षासाठी हातात ठेवा. बोनान्झा किंवा सिरसमधील कॉन्टिनेंटल आयओ-५५० इंजिनाचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्याने बांधणी) आज पन्नास हजार डॉलरांच्या पुढे जाते.

प्रतिसाद ३: सॅन होजेची वाचक

मी वैमानिक नाही. माझे पती वीस वर्षे उडवतात आणि मी शेजारच्या आसनावर बसते, म्हणून त्या आसनावरून दोन शब्द लिहिते.

आपल्या आई विमानात चढणार कशा, याचा विचार कृपया खरेदीपूर्वी करावा. सिरसमध्ये शिरायला पंखावर चढून पाय आत टाकावा लागतो. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास होता आणि त्या पायरीवर त्यांना आधार देताना मला दरवेळी घाम फुटत असे. ए३६ ला उजव्या बाजूस मागे दोन पाखांचे दार आहे आणि सिक्सलाही मागे डावीकडे दार आहे. तिथून ज्येष्ठ माणसाला पंख न चढता बसता येते. त्यांच्या कानांसाठी खाली उतरताना मिनिटाला ५०० फुटांपेक्षा घाई करू नये आणि तीन तासांच्या प्रवासात मध्ये एकदा उतरणे हा अपव्यय समजू नये. विमानात स्वच्छतागृह नाही, ही गोष्ट त्या संकोचाने बोलून दाखवणार नाहीत. पण आदल्या रात्रीपासून पाणी पिणे मात्र कमी करतील.

पत्नीला पॅराशूटमुळे धीर वाटतो, हे मी पूर्णपणे समजू शकते. मात्र ती ज्याला घाबरते ते नेमके काय आहे, हे एकदा शांतपणे विचारा. माझी भीती इंजिन बंद पडण्याची नव्हती. पतींना उड्डाणात काही झाले तर मी काय करणार, ही होती. मी सहप्रवाशांसाठीच्या छोट्या वर्गाला गेले, रेडिओवर बोलायला, ऑटोपायलट लावायला आणि विमान सरळ ठेवायला शिकले, आणि तेव्हापासून मी झोपू शकते. वैमानिक बेशुद्ध झाल्यास सहप्रवाशालाही ओढता येते, हा सिरसच्या पॅराशूटचा खरा मोठा गुण आहे आणि तो हलक्यात घेऊ नये.

प्रतिसाद ४: मिशिगनचा प्रशिक्षक

वर न आलेल्या दोन बाबी लिहितो.

पहिली बाब हिवाळ्याची. आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्च ग्रेट लेक्स सरोवरांवरून येणारे सखल ढग बर्फाने भरलेले असतात. वेग वाढला म्हणून त्या ढगांत जाण्याची मुभा मिळत नाही. ज्ञात हिमपरिस्थितीत (जिथे विमानावर बर्फ धरणार हे आधीच माहीत असते) उडण्याची मान्यता सिरसला २००९ पासून मिळू लागली. २००५ च्या विमानात पंखांवर द्रव सोडणारी यंत्रणा असली, तरी ती अनपेक्षितपणे सापडलेल्या बर्फातून बाहेर पडण्यापुरतीच आहे. आपण घेणार त्या तिन्ही विमानांत जानेवारीच्या अनेक सकाळी पडुकाला जाता येणार नाही. ग्राहकांना तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे हँगरच्या दारात उभे राहून निर्णय घेताना मनावर दबाव येत नाही. उन्हाळ्यात टॅब्लेटवर दिसणारे वादळाचे रडारचित्र पंधरा-वीस मिनिटांपर्यंत जुने असू शकते, हेही ध्यानात असावे. त्यावरून दोन ढगांमधली वाट शोधू नये.

दुसरी बाब नियमाची. उड्डाण आपल्या व्यवसायाला केवळ आनुषंगिक असेल आणि प्रवासी किंवा माल भाड्याने नेला जात नसेल, तर अमेरिकी विमान वाहतूक नियमांतील कलम ६१.११३ नुसार खासगी परवान्यावर कामासाठी जाता येते. ग्राहकाच्या बिलात ‘हवाई वाहतूक’ अशी ओळ मात्र कधीही येऊ देऊ नका. विमा कंपनीलाही व्यवसायासाठीचा वापर लेखी कळवा. २०० पेक्षा जास्त अश्वशक्तीसाठी प्रशिक्षकाची सही लागेलच. ए३६ साठी मागे घेता येणाऱ्या चाकांमुळे आणखी एक लागेल. त्या पलीकडे, नव्या विमानात किमान पंचवीस तास प्रशिक्षकासोबत काढा आणि त्यांतील काही तास पूर्ण वजनानिशी काढा. पाच माणसांचे वजन भरलेले विमान धावपट्टीवर आणि उतरताना किती वेगळे वागते, हे कुटुंबासह पहिल्यांदा कळू नये.

कोलंबसकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी आणि पत्नी वजनांचा तक्ता समोर ठेवून बसलो. २००५ ची सिरस यादीतून काढली आहे, जरी ते जड गेले. पत्नीला विचारल्यावर तिनेही अगदी तेच सांगितले, जे सॅन होजेच्या ताईंनी लिहिले आहे. सहप्रवासी वर्गासाठी तिने स्वतःच चौकशी सुरू केली आहे. इंडियानात एक चेरोकी सिक्स विक्रीस आहे, तिचे इंजिन अकरा वर्षांत ७०० तास चालले आहे. मेकॅनिक महोदय, आपल्या निकषाने ही मधली वाटते. पाहायला जावे का?

विचिटाचा मेकॅनिक

जाण्यापूर्वी सर्व लॉगबुकांच्या प्रती मागवा आणि ७०० तास वर्षावार मांडा. दरवर्षी साठ-सत्तर तास सलग असतील तर जरूर जा. पहिली चार वर्षे सहाशे आणि नंतर सात वर्षे शंभर असा पसारा असेल, तर किंमत ओव्हरहॉल धरूनच बोला. आणि जाल तेव्हा पेटीचे माप व आई, दोन्ही बरोबर घेऊन जा.